फिटिंगला कोण जाणार?

निवृत्त होऊन नाशिकला परतले, तेव्हा सोसायटीत माझं नाव 'फॉरेनवाल्या मॅडम' पडलं. परराष्ट्र खात्यात होते म्हटल्यावर पहिले काही महिने लोक व्हिसासाठी यायचे. कुणाच्या मुलीचा कॅनडाचा अडकलेला, कुणाच्या जावयाचा जर्मनीचा. व्हिसाचा शिक्का माझ्या हातात कधीच नव्हता हे कळल्यावर बिचाऱ्यांचा हिरमोड व्हायचा. शेवटी सेक्रेटरी सावंतांनी पार्किंगमध्ये गाठून सरळच विचारलं, "मग मॅडम, तुम्ही तिकडे करत काय होतात?"

"अणुबॉम्ब आणखी देशांच्या हाती पडू नयेत, म्हणून बोलणी करायचे."

सावंतांनी हातातली स्कूटरची किल्ली दोनदा फिरवली आणि म्हणाले, "पण आपण केलाच की!"

हाच प्रश्न मला तीसेक वर्षं व्हिएन्ना-जिनिव्हातल्या थंडगार सभागृहांत मोठमोठ्या राजदूतांनी विचारलेला आहे. त्यांनी तो लांबलचक वाक्यांत विचारला आणि सावंतांनी चार शब्दांत, एवढाच फरक. ज्यांनी आधी बॉम्ब केले त्यांनी ते जपून ठेवायचे आणि बाकीच्यांनी हात जोडून बसायचं, ही वाटणी आपल्या देशाला मान्य नव्हती. म्हणून अण्वस्त्रबंदीच्या त्या जुन्या करारावर आपण सही केली नाही. पण आपल्याकडचा माल आणि आपलं ज्ञान दुसऱ्या कुणाच्या बॉम्बमध्ये जाऊ नये, याची मात्र आपण कसोशीनं काळजी घेतली. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडानं, न अडखळता बोलणं हीच माझी नोकरी होती.

खरं तर या नोकरीला मी अजिबात लायक नव्हते. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, या कार्टीच्या तोंडाला झाकण बसवायचं देव विसरला. आम्ही देवळाली कॅम्पात वाढलो. वडील छावणीच्या कचेरीत कारकून. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की मांडणीतली भांडी किणकिणायची आणि आई पोळी लाटता लाटता एका हातानं वाटी धरून ठेवायची. तोफ म्हणजे आमच्यासाठी शेजारच्या घरातला खोकला होता. तो कुणावर तरी रोखलेला असतो, हे मला बऱ्याच उशिरा, पहिल्यांदा एका उद्ध्वस्त शहरात सरकारी कामानं गेले तेव्हा पोटातून कळलं. त्यानंतर हे खातं मी मागून घेतलं.

हा धंदा काय असतो ते थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही बॉम्बभोवती बसून तारा कापत असतो. बॉम्ब कसा करायचा याची ढोबळ माहिती आता जुनी झाली. ती कोंडून ठेवता येत नाही. अवघड असतं ते त्याला लागणारं द्रव्य तयार करणं आणि त्यासाठी लागणारी यंत्रं जमवणं. आता गंमत अशी की 'बॉम्बचं सामान' अशी पाटी लावून कुठलंच दुकान काही विकत नाही. लागतात ते पंप, झडपा, खास पोलाद, अचूक कापलेल्या नळ्या. हेच सामान विमानाला लागतं, औषधाच्या कारखान्याला लागतं. म्हणून देश एकत्र बसून ठरवतात की अमुक वस्तू विकण्याआधी चौकशी करायची, परवाना घ्यायचा. त्या 'अमुक'मध्ये काय घालायचं आणि काय वगळायचं यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. एका नळीच्या वर्णनावरून आम्ही आठवडाभर भांडलो आहोत. ती नळी मात्र आमच्यापैकी एकानंही कधी हातात धरली नव्हती.

भांडणं सभागृहात व्हायची आणि मिटायची बाहेर, कॉफीच्या यंत्रापाशी. एक किस्सा सांगते. एका देशाचे वयस्कर प्रतिनिधी होते. त्या देशाचं नाव लिहीत नाही, निवृत्तीनंतरही काही सवयी सुटत नाहीत. प्रत्येक मसुद्याला त्यांचं एकच उत्तर, नाही. एकदा एका तरुण प्रतिनिधीनं त्यांच्याच जुन्या भाषणातलं वाक्य भर सभेत त्यांना वाचून दाखवलं. सभागृह हसलं. म्हातारबुवांनी समोरचे कागद नीट जुळवले आणि त्या दिवसापासून 'नाही' म्हणतानाही त्यांनी तोंड उघडणं बंद केलं, नुसती मान हलवायचे. मला त्या तरुणाचं मनातून कौतुक वाटलं होतं. माझे वरिष्ठ, कुलकर्णीसाहेब, म्हणाले, "शैलाबाई, माणसाला भिंतीला टेकवलं ना, की तो भिंतीसारखाच वागतो." दुसऱ्या दिवशी साहेब त्या म्हाताऱ्यांजवळ गेले. आधी त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग विचारलं, "हे तुमच्या राजधानीला पटेल असं लिहायचं झालं, तर तुम्ही कसं लिहाल?" म्हातारबुवांनी खिशातून पेन काढलं. जे वाक्य त्यांनी लिहिलं ते आमच्या मसुद्यापेक्षा फार वेगळं नव्हतं, पण ते त्यांचं होतं. शिकवणीचं एवढं एकच वाक्य मी नोकरीतून घरी आणलं, आणि ते उपयोगी पडलं ते थेट सातपूरच्या एमआयडीसीत.

भास्कर पगारे हा माझ्या धाकट्या भावाचा मित्र. कॅम्पात आमच्या मागच्याच लाइनीत राहायचा. माझा भाऊ अकाली गेला, त्यानंतर राखीला न चुकता येणारा हा एकच. आयटीआय करून तो सातपुरात लेथवर लागला आणि वीसेक वर्षं दुसऱ्याकडे राबून त्यानं स्वतःची शेड घेतली. मोठ्या कारखान्यांना लागणारे बारीक, अचूक भाग तो करून देतो. त्याच्याकडची बहुतेक पोरं पेठच्या डोंगरातली. त्यांचा मुकादम निवृत्ती गावित. पावसाळ्यात घरचं भात लावायचं आणि नंतर पोटासाठी द्राक्षाच्या बागांवर जायचं, या फेऱ्यातून सुटून निवृत्ती भास्करकडे टिकला होता. आता त्यानं बायकोपोरांनाही सातपुरात आणलं होतं.

भास्करच्या शेडमध्ये दोन रिवाज होते. तयार माल खोक्यात घालून बाहेर निघाला की त्याला ही मंडळी 'पाठवणी' म्हणायची, आणि लता, म्हणजे भास्करची बायको, खोक्याला कुंकवाचं बोट लावायची. दुसरा रिवाज फिटिंगचा. नवीन भागाची पहिली खेप गेली की तो भाग यंत्रात बसताना बघायला भास्कर किंवा निवृत्ती स्वतः जाणारच. गिऱ्हाईक अंबडचं असो की औरंगाबादचं. "मुलगी दिली आणि घर बघितलं नाही, असं कुठं असतं का ताई?" भास्कर म्हणायचा. त्याचं निम्मं नाव या सवयीनं झालं होतं, कारण फिटिंगला गेलं की चूक तिथल्या तिथे सापडते.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमीला त्यानं नेहमीप्रमाणे मला बोलावलं. त्या दिवशी सातपुरात शेडशेडमधून यंत्रं धुऊनपुसून झेंडूनं मढवलेली असतात. भास्कर बौद्ध. दसऱ्याला पांढरे कपडे घालून सहकुटुंब त्रिरश्मी लेण्यांवर जाणारा. पण खंडेनवमीची पूजा तो पोरांना करू देतो. "पूजा त्यांची, पेढे माझे," अशी त्याची वाटणी. वर्षातलं सगळ्यात अवघड काम त्या दिवशी पाटावर मांडून त्याला हार घालायचा, हीदेखील तिथलीच पद्धत.

मी आत शिरले. उदबत्तीचा आणि लेथवरच्या कूलंट ऑइलचा मिळून एक वास येत होता. पाटावर, झेंडूच्या हारात, कुंकू लावलेली एक नळी उभी होती.

हातभर उंचीची, पातळ भिंतीची, आरशासारखी गुळगुळीत. भास्करनं हार बाजूला करून ती माझ्या हातात दिली. "ताई, वजन बघा. फुलासारखी आहे की नाही? आणि पोलाद कसलं, तर मारेजिंग. नुसतं नाव ऐकूनच पुण्यातल्या दोघांनी हात वर केले!"

मी ती हातात धरून उभी राहिले. जिच्या वर्णनावरून आम्ही आठवडा आठवडा भांडलो, ती नळी. व्हिएन्नात नाही, दिल्लीत नाही, सातपुरात, पेढ्यांच्या शेजारी. मी ती जपून परत पाटावर, हारात ठेवली.

"कशाला लागते रे ही?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"दुधाच्या मशीनला. मलई वेगळी काढायचं मशीन असतं ना, त्याचा पार्ट. मुंबईचे मल्होत्रा म्हणून आहेत, त्यांच्यामार्फत बाहेर जाणार. पोलादही त्यांनीच पाठवलं. परदेशातली मोठी डेअरी आहे. ताई, पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला खरं अवघड काम दिलं!"

बाजूला निवृत्ती उभा होता. त्याच्या शर्टाला इस्त्री होती. "लय नखरे हायेत तिचे मॅडम," तो म्हणाला. "जरा हात जड पडला का गेली. कितीक भंगारात टाकल्या, तवा ही उभी राहिली."

ताक घुसळलं की लोणी वेगळं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मलईच्या यंत्राचं तत्त्व जवळपास तेच, जोरात फिरवून हलकं आणि जड वेगळं करायचं. युरेनियमचा वायू करून त्यातलं हलकं आणि जडही असंच वेगळं करतात. फक्त तिथला वेग असा भयानक असतो की साधं पोलाद चिंध्या होऊन उडेल. म्हणून असली नळी. दुधाला असलं पोलाद वापरणारा डेअरीवाला मी जगात पाहिलेला नाही. नळी विमानाच्या एखाद्या कामाची असू शकली असती, नाही असं नाही. पण विमानासाठी नळी घेणारा माणूस ती दुधासाठी आहे असं कशाला सांगेल?

माझी जीभ वळवळत होती. अरे वेड्या, तुला कुणीतरी फसवतंय, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण समोर त्याची माणसं उभी होती, लता पेढे वाटत होती, निवृत्तीचा धाकटा मुलगा बापाची करामत बघायला आला होता. इथे बोलले असते तर भास्कर भिंतीला टेकला असता. दुसरा रस्ता होता दिल्लीला फोन करण्याचा. एका फोनचं काम. मग जीप आली असती, शेडला सील लागलं असतं, आणि काही सिद्ध होण्याआधीच सातपुरात भास्कर चोर ठरला असता. पाठवणी दिवाळीनंतर होती. म्हणजे हातात थोडे दिवस होते. त्यानं ऐकलं नाही तर फोन करायचाच, हे मात्र मी पेढा खाता खाताच ठरवून टाकलं. एकीकडे माझ्या राखीच्या भावाची जन्माची कमाई होती आणि दुसरीकडे कुठलं तरी मी कधी न पाहिलेलं शहर. दोन्ही वाचवायची होती.

दसरा झाल्यावर एका दुपारी मी शेडवर गेले. भास्कर त्याच्या काचेच्या केबिनमध्ये डबा खात होता. मी दार लोटून घेतलं आणि जे होतं ते सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं डबा बाजूला सारला.

"ताई, तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री नाही, संशय आहे. पण दांडगा आहे."

"म्हणजे संशयावर मी ऑर्डर सोडायची? पोरांना काय सांगू? निवृत्तीनं याच भरवशावर पोरांना इथल्या शाळेत घातलं. मी नवीन मशीनचं बोलून बसलोय." त्याचा आवाज चढायला लागला. "आणि समजा असेल बॉम्बचं. मोठ्या देशांनी ढिगानं करून ठेवले, त्यांना कुणी विचारलं? आपण केला तेव्हा कॅम्पात पेढे वाटले होते, मीच वाटले होते! आता दुसरा कुणी करत असेल, तर त्याचा पार्ट सातपूरच्या पगारेनं करायचा नाही. का? आम्ही कायम नटबोल्टच करायचे का?"

शेवटचं वाक्य त्यानं बोटानं स्वतःच्या छातीवर ठोकून म्हटलं. मला फार वाईट वाटलं. राजदूतांच्या तोंडी हा युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकला होता, पण त्यांच्यापैकी कुणाचे डोळे भरून आले नव्हते.

"मोठ्या देशांना कुणी विचारलं, याचं माझ्याकडे उत्तर नाही," मी म्हटलं. "जन्मभर शोधलं, पुरं पडेल असं मिळालं नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कमी करायला हवेत, हेही खरं. पण ते कमी करत नाहीत म्हणून आपण वाढवायचे, हा कुठला हिशोब? आणि नटबोल्टचं म्हणशील तर ही नळी तू केलीस, ती जगात फार थोड्यांना जमते. ते आता कुणी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही."

मला कुलकर्णीसाहेबांनी म्हातारबुवांना काढायला लावलेलं पेन आठवलं. उत्तर माझं असून भागणार नव्हतं, ते त्याचं असायला हवं होतं.

"मी तुला ऑर्डर सोड म्हणत नाही," मी म्हणाले. "एकच विचारते. फिटिंगला कोण जाणार?"

"अं?"

"पहिली खेप ना? मग फिटिंगला कोण जाणार, तू का निवृत्ती?"

"परदेशात कुठं ताई..." असं काहीतरी भास्कर पुटपुटला, पण वाक्य त्याचं त्यालाच पुरं करता येईना. गेल्या कित्येक वर्षांत न पाहता घेतलेलं हे पहिलंच काम होतं. अवघड कामाच्या आनंदात घर बघायचं राहून गेलं होतं. त्यानं काच वाजवून निवृत्तीला आत बोलावलं आणि मल्होत्राला फोन लावून स्पीकरवर टाकला. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले.

"मल्होत्राजी, माल बढ़िया बना है," भास्कर म्हणाला. "बस, फिटिंग देखने हमारा आदमी आयेगा. हमारा रिवाज है. खर्चा हमारा."

पलीकडून हसू ऐकू आलं. "अरे पगारेजी, वहाँ दूध ही तो निकलना है, क्या देखोगे?"

"वही देखेंगे. दूध."

मल्होत्रा पुन्हा हसला, पण यावेळी हसू आखूड होतं. मग म्हणाला, फोटो पाठवतो. भास्कर म्हणाला, फोटो नको, डेअरीचं नाव-पत्ता द्या, आम्ही तिकिटं काढतो. मग मल्होत्रानं दर वाढवून देऊ केला. कुणी मागितला नसताना. निवृत्तीनं एकदम मान वर करून भास्करकडे पाहिलं. या धंद्यात मागितल्याशिवाय दर वाढवणारं गिऱ्हाईक त्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. भास्करनं तिसऱ्यांदा पत्ता विचारला, तेव्हा पलीकडचा आवाज बदलला. "काम करना है कि नहीं? नहीं तो माल और ड्रॉइंग वापस करो, आदमी भेजता हूँ." फोन बंद झाला.

भास्कर खुर्चीत मागे टेकला. सावकाश निवृत्तीनं विचारलं, "मंग मॅडम, ती कशाची व्हती?"

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बाहेर गेला, पाटावरच्या नळीचा सुकलेला हार काढला आणि तो हातात घेऊनच परत आला. "आम्ही पूजा केली तिची," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना.

लता दारात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "पूजा नळीची नव्हती निवृत्तीभाऊ. तुमच्या हाताची होती." एवढ्या वर्षांच्या मुत्सद्देगिरीत मला असं वेळेवर बोलता आलेलं नाही.

मल्होत्राचा माणूस यायच्या आधी आम्ही मुंबईला, निर्यात परवान्यांच्या सरकारी कचेरीत गेलो. मी फक्त बरोबर होते, बोलला भास्कर स्वतः. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याला उलटसुलट खोदून विचारलं. आधी का नाही चौकशी केलीत, परवान्याचं कसं माहीत नाही, पोलाद कुठून आलं? भास्करच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यानं एकही उत्तर टाळलं नाही. माल देशाबाहेर गेला नव्हता आणि तो स्वतःहून आला होता, म्हणून निभावलं. नळ्या, उरलेलं पोलाद, सगळं ताब्यात गेलं. परत येताना कसारा घाटात त्यानं गाडी थांबवली, दोन कणसं घेतली आणि म्हणाला, "ताई, पेपर सोपा नव्हता, पण पास झालो वाटतं."

पुढचं वर्ष वाईट गेलं, हे लिहायलाच हवं. नवीन मशीन आलं नाही. शेडमधली दोन पोरं काम सोडून गेली, त्यातलं एक परत द्राक्षाच्या बागेवर. मला भास्करकडे जायला संकोच वाटायचा. तोच फोन करून बोलवायचा, "का हो ताई, नुकसान माझं झालं आणि तोंड तुम्ही लपवता?" मल्होत्राचं पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही आणि विचारायचा मला अधिकार उरलेला नाही. कदाचित त्यानं दुसरी शेड शोधली असेल. ही बोच आहेच. माझ्या खात्यात विजय म्हणून जे काही असतं ते असंच असतं, एक दार बंद होतं आणि दुसरीकडे कुठलं उघडं राहिलं ते समजत नाही.

पण भास्कर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नाही. त्यानं एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट स्वतःच्या फजितीसकट सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा लोक हसले. "पगारे, आता गिऱ्हाइकाची पत्रिका पण बघणार का?" असं कुणीतरी म्हणालं. "पत्रिका नको, घर बघणार," भास्कर म्हणाला. हळूहळू एकेक शेडवाला माझ्याकडे यायला लागला. ही झडप विचारून विकायची का, तो पंप चालेल का? सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी आता महिन्यातून एकदा बसते. सावंत खुर्च्या मांडून देतात आणि शेवटी न चुकता विचारतात, "पण मॅडम, आपण केलाच ना?" आम्ही सगळे हसतो आणि त्यावरही बोलतो. परिषदेत जे शब्द मी अर्धविरामासकट घासले, ते एका वाक्यात मावतात हे मला इथे कळलं. माल कुठे बसणार ते बघितल्याशिवाय पाठवणी नाही. आमच्या सभागृहात कुणी इतकं सोपं बोललं असतं तर आम्ही त्याला नवखा म्हणून हसलो असतो.

मागच्या वर्षी भास्करला परदेशातली एक ऑर्डर आली. पूर्व आफ्रिकेतली एक डेअरी, मलई काढायच्या यंत्राची भांडी हवीत. साधं स्टेनलेस स्टील. मी शहानिशा केली, भास्करनं केली, परवान्याची गरज नाही हे कचेरीतूनही विचारून घेतलं. तरीही त्यानं आपली अट घातलीच, फिटिंगला आमचा माणूस येणार. त्याला वाटलं, हेही फोन आपटणार. तिकडची व्यवस्थापक बाई म्हणाली, "नक्की पाठवा! बसवून देणारा हुशार माणूस आम्हाला हवाच आहे. राहायचं आमच्याकडे."

निवृत्तीचा पासपोर्ट काढायचा ठरला. पत्ता पेठजवळच्या पाड्यावरचा, म्हणून चौकशीचा हवालदार तिथे गेला. निवृत्तीनं आधाराला मलाही नेलं होतं. हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय रे, परदेशात कशाला चाललास?" निवृत्ती माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मुलगी दिलीय सायेब. घर बघायला चाललो."

पीतज्वराची लस टोचून, लतानं दिलेल्या चटणीच्या पुडीसह तो विमानात बसला. मी आयुष्यात कितीतरी निरीक्षक पाहिले, सूटबूट घातलेले, मापं आणि कॅमेरे घेऊन अणुभट्ट्यांच्या दारात उभे राहणारे. त्यांच्याही नोकरीचं सार हेच, की स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि परत येऊन खरं सांगायचं.

ठरल्या दिवशी भास्करच्या केबिनमध्ये आम्ही सगळे फोनभोवती जमलो. लता, मी, निवृत्तीची बायको, काम थांबवून आलेली पोरं. द्राक्षाच्या बागेवर गेलेला पोरगाही आता परत आला होता, तोही. फोन वाजला. पलीकडे यंत्राची घरघर आणि कसलासा गलका. मग ओळखीचा आवाज आला, घाटात हाक मारावी तसा मोठ्यानं.

"मॅडम? शेठ? बसलं! बरोबर बसलं! मी उभा राहून बघितलं."

"आणि काय निघतंय त्यातनं?" भास्करनं विचारलं. तो हसायचा प्रयत्न करत होता, पण त्यानं टेबलाची कड घट्ट धरलेली मला दिसली.

पलीकडची घरघर एकदम जवळ आली. तो बहुतेक वाकून बघत असावा.

"दूध हाय शेठ," निवृत्ती म्हणाला. "बोट बुडवून चाखलं मी. दूधच हाय."